दार बंद, देवघेव सुरू

२४ मार्च २०२० च्या रात्री कोरोनामुळे देश बंद झाला तेव्हा आमच्या घरात वाचनालयाची दोन पुस्तकं होती. एक आईच्या उशाशी, एक माझ्या टेबलावर. मागच्या पानावर चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर जांभळ्या शाईचा शिक्का होता, २८ मार्चचा. आई अधूनमधून ते पान उघडायची आणि विचारायची, "अगं, रोजचा दंड चढत असेल ना?" पुस्तकं वाचून झाली, पुन्हा वाचून झाली, पण परत द्यायला दार उघडं नव्हतं. महाराष्ट्रात ग्रंथालयांना परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबरला. तो नेमका वाचन प्रेरणा दिन होता.

त्या महिन्यांत जगातली सार्वजनिक ग्रंथालयं काय करताहेत हे मी मिळेल तिथून वाचत राहिले. सगळ्यांत जास्त रेंगाळले ते न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीपाशी. दार, टेबल, पुस्तक, परतीची तारीख, दंड ही ग्रंथालयाची अंगं वाटतात आपल्याला. महामारीत त्या ग्रंथालयाला यातली एकेक गोष्ट बाजूला ठेवावी लागली, आणि दर वेळी कळत गेलं की हिच्यावाचूनही काम चालतं. काही गोष्टींच्या बाबतीत तर ते अधिक चांगलं चालतं.

ही संस्था २३ मे १८९५ ची. ॲस्टर आणि लेनॉक्स ही दोन ग्रंथालयं आणि सॅम्युअल टिल्डन यांनी मागे ठेवलेला निधी एकत्र आला आणि ती उभी राहिली. १९०१ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी शहरभर शाखा बांधायला ५२ लाख डॉलर दिले. फिफ्थ ॲव्हेन्यूवरची संगमरवरी मुख्य इमारत १९११ मध्ये खुली झाली. तिच्या पायऱ्यांपाशी दगडी सिंहांची जोडी बसली आहे. १९३० च्या दशकातल्या मंदीत महापौर ला ग्वार्डिया यांनी त्यांना नावं दिली, 'पेशन्स' आणि 'फॉर्टिट्यूड'. आपल्या भाषेत संयम आणि धैर्य. मॅनहॅटन, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड हे तीन भाग ही संस्था सांभाळते. ब्रुकलिन आणि क्वीन्सची ग्रंथालयं स्वतंत्र आहेत.

नावात 'पब्लिक' असलं तरी ही संस्था सरकारी खातं नाही. ती एक सेवाभावी संस्था आहे आणि तिच्या शाखा मुख्यतः शहराच्या पैशावर चालतात. म्हणजे १९६७ च्या कायद्याखाली अ, ब, क, ड दर्जा घेऊन अनुदानावर चालणाऱ्या आपल्या वाचनालयांशी तिची कुंडली बरीच जुळते. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की तिथे वर्गणी नाही आणि अनामतही नाही. आपल्याकडे दार बंद झालं की वर्गणी थांबते, आणि वर्गणी थांबली की विजेचं बिल नि सेवकांचा पगार दोन्ही अडतात. तिथे सभासदाच्या खिशावर काही अवलंबून नव्हतं. म्हणून दार बंद झाल्या दिवसापासून सगळं लक्ष कामाकडे देता आलं.

१४ मार्च २०२० पासून सगळ्या शाखा बंद झाल्या. ज्यांच्याकडे कार्ड होतं त्यांचं निभावलं असतं, पण ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी काय करायचं? त्यासाठी 'सिम्पलीई' हे ॲप कामी आलं. संस्थेनं ते २०१६ मध्येच तयार केलं होतं. न्यूयॉर्ककरांना फोनवरूनच कार्डासाठी अर्ज करता येऊ लागला आणि तीन लाखांहून अधिक ई-पुस्तकं आणि बोलकी पुस्तकं हातात आली.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ई-पुस्तक म्हणजे कितीही जणांना एकाच वेळी देता येणारी वस्तू, असं आपल्याला वाटतं. ग्रंथालयासाठी ते तसं नसतं. बहुतेक प्रकाशक एका प्रतीचा परवाना एका वेळी एकाच वाचकासाठी देतात, बरेचदा दोन वर्षांच्या मुदतीनं, आणि तुम्हा-आम्हाला पडते त्याच्या कितीतरी पट किमतीला. मुदत संपली की तेच पुस्तक पुन्हा विकत घ्यायचं. म्हणून गाजलेल्या पुस्तकासाठी पडद्यावरही रांग लागते. मॅकमिलन या प्रकाशनानं तर १ नोव्हेंबर २०१९ पासून नवं ई-पुस्तक पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय व्यवस्थेला एकच प्रत, असा नियम केला होता. लाखो वाचकांना मिळून एक प्रत! ग्रंथपालांनी त्याला कडाडून विरोध केला होता. १७ मार्च २०२० ला, शहरं बंद होत असताना, तो नियम मागे घेतला गेला.

दारानंतर गेलं ते टेबल. ग्रंथपालासमोर उभं राहून प्रश्न विचारायची सोय उरली नाही. पण इथेही जुनी तयारी उपयोगी पडली. फोनवरून कोणीही कसलाही प्रश्न विचारावा आणि ग्रंथपालानं शोधून उत्तर द्यावं, अशी सेवा तिथे १९६८ पासून चालू आहे. ती आता घराघरांतून चालू लागली. मुलांचे गोष्टींचे तास पडद्यावर आले. शाळा बंद, त्यामुळे अभ्यासाला मदत करणारे शिक्षक ऑनलाइन आणि मोफत मिळू लागले. डब्ल्यूएनवायसी या नभोवाणी केंद्राबरोबर पुस्तक मंडळ सुरू झालं. शहरभरचे लोक एकाच महिन्यात एकच पुस्तक वाचायचे आणि मग लेखकाच्या गप्पा आपापल्या घरातून ऐकायचे.

मला या सगळ्यांत जवळचा वाटला तो १ मे २०२० ला निघालेला एक ध्वनिसंच, 'मिसिंग साउंड्स ऑफ न्यूयॉर्क'. रस्त्यांवर रुग्णवाहिकांशिवाय फारसा आवाज उरला नव्हता, तेव्हा संस्थेनं लोकांना त्यांच्या शहराचे हरवलेले आवाज परत दिले. भुयारी रेल्वेतले कलाकार, गर्दीची बाग, कलकल करणारे शेजारी. त्यात एक आवाज ग्रंथालयाचाही आहे. शांत म्हणवणारी, पण कधीच पूर्ण शांत नसलेली ती खोली. मी तो इअरफोन लावून ऐकला आणि मला आमच्या वाचनकक्षातला पंखा आठवला, वर्तमानपत्राची काठी टेबलावर ठेवल्याचा खट्‌ आवाज आठवला.

पण पडद्यावरची सेवा कोणापर्यंत पोचते? शहराच्या जानेवारी २०२० च्या इंटरनेट आराखड्यात नोंद होती की पंधरा लाखांहून अधिक न्यूयॉर्ककरांकडे घरी इंटरनेट जोडणी नाही आणि मोबाइलवरही नाही. यांतल्या अनेकांसाठी ग्रंथालयातला संगणक हाच एकमेव मार्ग होता, आणि तोच कुलपाआड गेला. शेजारच्या ब्रुकलिन ग्रंथालयानं यावर साधा उपाय केला. शाखांच्या छतांवर अँटेना बसवले आणि वाय-फाय भिंतीबाहेर, फुटपाथपर्यंत नेलं. बंद ग्रंथालयाच्या पायरीवर बसून शाळेत हजेरी लावणारं मूल हे त्या वर्षाचं खरं चित्र आहे. महामारीत ऑनलाइन कार्यक्रमांचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं, पण ज्याला कौतुक करायचंय त्यानं आधी त्या पायरीकडे बघावं.

मग प्रश्न आला खुद्द पुस्तकाचा. ग्रंथालयातलं पुस्तक हातोहात फिरतं, तेच त्याचं पुण्य. आता तेच त्याचं पाप ठरणार का? याचं उत्तर अंदाजानं देण्यापेक्षा ते तपासावं, म्हणून ओहायोतली ओसीएलसी ही ग्रंथालय सहकारी संस्था, अमेरिकी सरकारची ग्रंथालय-संग्रहालय संस्था आणि बॅटेल ही संशोधन संस्था एकत्र आल्या. प्रकल्पाचं नाव 'रेल्म'. पुस्तकांवर विषाणू सोडून तो किती दिवस सापडतो हे प्रयोगशाळेत मोजलं गेलं. जून २०२० मधला पहिला निष्कर्ष दिलासा देणारा होता. वेगळ्या ठेवलेल्या पुस्तकांच्या कव्हरांवर विषाणू एका दिवसानंतर सापडला नाही, मिटलेल्या पुस्तकाच्या आतल्या पानांवर आणि प्लास्टिकच्या आवरणावर तीन दिवसांनंतर सापडला नाही. पुढे गुळगुळीत पानं, मासिकं आणि लहान मुलांची जाड पुठ्ठ्याची पुस्तकं तपासली, तर तिथे तो चौथ्या दिवशीही होता. परतीच्या पेटीत पडतात तशी एकावर एक रचून ठेवलेली पुस्तकं तपासली, तेव्हा सहा दिवसांनंतरही सापडला. पुढे स्पष्ट होत गेलं की हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो आणि वस्तूंना स्पर्श करून होण्याचा धोका फार थोडा आहे. पण तेव्हा ते ठाऊक नव्हतं. म्हणून १३ जुलैला न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीनं पहिल्या आठ शाखांची दारं किलकिली केली तेव्हा पद्धत अशी होती: पुस्तक आधी सांगून ठेवायचं, दारापाशी येऊन उचलायचं आणि निघायचं. परत आलेली पुस्तकं काही दिवस विलगीकरणात. दोन आठवडे आधी, २९ जूनला, पायऱ्यांवरच्या संयम आणि धैर्य या सिंहांच्या तोंडावरही तीन फूट रुंद मास्क बांधला होता.

ऑक्टोबरमध्ये मी आमची दोन पुस्तकं घेऊन गेले तेव्हा आमच्या वाचनालयातही पुठ्ठ्याचं एक खोकं ठेवलं होतं. त्यावर स्केचपेननं लिहिलं होतं, 'परत आलेली पुस्तकं, हात लावू नये.' वाचनालयाचे काका देवघेवीच्या टेबलामागे मास्क लावून बसले होते. मी पाकीट काढलं, तसे ते म्हणाले, "राहू दे गं. दंड कसला? पुस्तकं सांभाळलीस, हेच खूप." आईला घरी येऊन सांगितलं. तिनं निःश्वास सोडला आणि लगेच विचारलं, "नवीन काय आणलंस?"

काकांनी एका वाक्यात केलं ते न्यूयॉर्कनं वर्षभरात धोरण म्हणून केलं. मार्च २०२० पासून उशिराचा दंड तिथेही स्थगित होता. मग हिशेब तपासला गेला. मोठ्यांच्या पुस्तकाला दिवसाला २५ सेंट दंड होता. तो १५ डॉलरवर गेला की कार्ड बंद. अशी बंद कार्डं न्यूयॉर्क पब्लिक, ब्रुकलिन आणि क्वीन्स या तिन्ही व्यवस्थांत मिळून सुमारे चार लाख होती, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक गरजू वस्त्यांतल्या माणसांची. ज्याला दंड परवडत होता तो भरून मोकळा होत होता. ज्याला परवडत नव्हता तो लाजेनं येणंच सोडत होता. ५ ऑक्टोबर २०२१ ला तिन्ही ग्रंथालयांनी उशिराचा दंड कायमचा रद्द केला आणि जुनी थकबाकी पुसून टाकली.

दंड गेला तर पुस्तकं कोण परत करणार, अशी भीती होतीच. पुढच्या काही महिन्यांत घडलं ते असं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीकडे मुदत उलटलेल्या किंवा हरवल्या म्हणून नोंदलेल्या २१ हजारांहून अधिक वस्तू परत आल्या, ब्रुकलिनकडे सुमारे ५१ हजार, क्वीन्सकडे १६ हजारांवर. काही इतक्या जुन्या होत्या की ग्रंथालयाच्या नोंदींतूनही त्या गेल्या होत्या. वर्षानुवर्षं कोणाच्या तरी कपाटात अपराधासारखी दडलेली पुस्तकं माणसांनी आपणहून आणून दिली, आणि त्यांच्याबरोबर ती माणसंही परत आली.

आपल्या गावच्या वाचनालयाला तीन लाख ई-पुस्तकं उद्या मिळणार नाहीत. पण न्यूयॉर्कनं जे केलं त्यातलं बरंचसं पैशाच्या आधी मनाच्या तयारीतून आलं होतं. ठरलेल्या वेळी फोन उचलून वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देणारा एक माणूस ठेवता येतो. वाय-फाय संध्याकाळी बंद न करता ओट्यापर्यंत पोचू देता येतं. आणि कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत एक ठराव मांडता येतो: दंडाची थकबाकी माफ, पुस्तक घेऊन या. आमच्या वाचनालयात हा ठराव मी मांडणार आहे, आणि अनुमोदन काका देतील याची मला खात्री आहे.