गाभा मेला, भात उठलं

लावणीनंतर तीनेक आठवड्यांनी कापडे गावच्या एखाद्या खाचरात उतरा. सगळीकडे हिरवंगार भात, आणि मधूनच एखादा पोंगा वाळून पिवळा पडलेला. चिमटीत धरून ओढला की अलगद हातात येतो. बुंधा कुरतडलेला. ही गाभेमर, खोडकिड्याची करामत.

खरं तर गवताला खाल्लं जाण्याची सवयच असते. गुरं बांधावरचं गवत पार बुडापर्यंत ओरबाडतात, बंगल्यापुढची हिरवळ पुन्हा पुन्हा कापली जाते, तरी ती उठतेच. कारण वाढीचा कोंब वर नसतोच. तो जमिनीलगत पानांच्या आवरणात दडलेला असतो. भातही गवतच. पानं खाणाऱ्या अळीला तो कोंब सापडत नाही. खोडकिड्याला मात्र सापडतो! पिवळसर पतंगाची मादी पानाच्या शेंड्याजवळ अंडी घालून त्यांवर केसांचं पांघरूण घालते. अळ्या धाग्याला लोंबकळत वाऱ्यावर शेजारच्या चुडावर जातात, खोडात शिरतात आणि आतला कोंबच तोडतात.

तरीही भात हरत नाही. पानांच्या बेचक्यांत डोळे असतात. मुख्य कोंबाकडून येणाऱ्या ऑक्झिन या संप्रेरकाच्या धाकाने त्यांतले काही निजून राहतात. कोंब मेला की धाक संपतो, डोळा जागा होतो, नवा फुटवा येतो. शेजारचे फुटवेही मोकळा उजेड मिळताच जोर धरतात.

मात्र हे सगळं लोंबी धरण्याआधीच. निसवताना किडा लागला तर पांढरी, पोकळ पळिंज उरते. मग नव्या फुटव्याला दाणा भरायला दिवसच नसतात.

म्हणून सुरुवातीला चार पोंगे सुकले की लगेच पाठीवर पंप घेणं मला आततायीपणाचं वाटतं. गाभेमर 5 टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंत थांबावं. फवाऱ्यात किडे खाणारे कोळी मरतात, आणि ट्रायकोग्रामाही. मिलिमीटरभरही नसलेली ही गांधीलमाशीची भावंडं खोडकिड्याच्या अंड्यातच आपलं अंडं घालतात. वर युरियाचा मारा केला तर लुसलुशीत खोड किड्याच्या पथ्यावरच पडतं.

त्यापेक्षा लावणीआधी रोपांचे शेंडे खुडावेत. अंडी तिथेच असतात. कापणी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वैभव विळ्याने जमिनीलगत करावी, कारण उरलेल्या अळ्या धसकटात दडून बसतात आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडतात.