आत जाऊन आलं की पोटगी फिटते?

सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात, यंत्रमागाच्या कारखान्याबाहेर चहाच्या वेळी, विड्या वळत बसलेल्या बायकांच्या ओट्यावर एक वाक्य सारखं कानावर पडतं : "फार तर काय होईल? महिनाभर आत बसायचं, पोटगी फिटली." बाप हे धमकी दिल्यासारखं सांगतो, आई हात टेकल्यासारखं सांगते, आणि चार नातेवाईक माना डोलावतात. हे वाक्य साफ खोटं आहे. त्यावर विश्वास ठेवून किती आयांनी पुढचा अर्जच केला नसेल, या विचाराने राग येतो.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, म्हणजे आवारातल्या भाषेत नुसतं "एकशे पंचवीस", 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 झालं. आकडा बदलला, वसुलीचा क्रम तोच राहिला. पोटगी थकली की आधी वसुली वॉरंट निघतं. दंड वसूल करतात तशीच ही रक्कम वसूल करायची असते. त्यासाठी जंगम वस्तू जप्त करून विकता येतात, किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे वॉरंट पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. बार्शी किंवा माढ्याकडच्या एखाद्या सातबाऱ्यावर बापाचं नाव असेल, तर ती जमीनही या वसुलीच्या आवाक्यात येते. इतकं करून जे उरेल, त्यातल्या एकेका महिन्याच्या रकमेसाठी एक महिन्यापर्यंत कैद. मधेच पैसे भरले तर तिथेच सुटका.

मग कैद भोगली तर काय होतं? सर्वोच्च न्यायालयाने "कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग" या 1989 च्या निकालसंग्रहांत छापलेल्या निवाड्यात याचं उत्तर दिलेलं आहे. तुरुंगात पाठवणं हा पैसे काढून घेण्यासाठीचा दाब आहे, त्याने देणं फिटत नाही. देणं फिटतं ते फक्त पैसे दिल्यावर. हिशेब करून पाहा. महिना 6,000 रुपये पोटगी, वर्षभर एक पैसा दिला नाही, थकले 72,000. बाप महिनाभर आत राहून बाहेर आला. तेव्हा त्याच्याकडून येणे आहे 78,000, कारण तुरुंगातल्या महिन्याचे 6,000 सुद्धा चढलेले असतात.

हा समज इतका चिवट का, त्यालाही कारण आहे. एका अर्जावर एक महिन्याहून जास्त कैद देता येणार नाही, पुढच्या थकबाकीसाठी नवा अर्ज करावा लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 1990 च्या दशकाच्या अखेरीस सांगितलं. त्या नव्या अर्जाबद्दल आईला कुणी सांगतच नाही. बाप सुटून घरी येतो, तारखा पडायच्या थांबतात, आणि गल्लीत बातमी पसरते की केस संपली. खरं तर थांबलेला असतो फक्त तिचा पाठपुरावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बाप आत असेल त्या महिन्यात त्याची मजुरी बुडते, आणि मुलाची शाळेची फी तशीच राहते. मुलाला पैसे हवे असतील तर वाट तुरुंगापेक्षा पगारातून जास्त नीट जाते. कायद्याने ती वाट केव्हाच करून ठेवली आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 वाचावं. बँकेच्या किंवा सावकाराच्या हुकूमनाम्यासाठी पगार जप्त करायचा असेल तर पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी संरक्षण आहे ते फक्त एक तृतीयांश पगाराला. 1976 च्या दुरुस्तीने ही तरतूद मुद्दाम घातली. जप्तीतून वगळलेले भत्ते बाजूला ठेवून पगार 30,000 धरला, तर बँकेला महिन्याला साधारण 9,667 रुपये मिळू शकतात आणि पोटगीसाठी 20,000 पर्यंत कापता येतात. बायकोमुलांचं देणं बँकेच्या देण्याहून वरचं आहे, हे कायद्याने आकड्यांतच लिहून ठेवलंय.

"ते सरकारी नोकराला, खासगीवाल्याला नाही," हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. तेही चूक. रेल्वे, जिल्हा परिषद, महापालिका यांच्या कर्मचाऱ्यांसाठी त्याच संहितेच्या आदेश 21 मधला नियम 48 आहे आणि खासगी मालकासाठी 48-अ. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या मालकाला न्यायालयाचा आदेश पोचल्यावर त्याने पगारातून रक्कम न कापता पूर्ण पगार हातात दिला, तर ती रक्कम भरण्याची जबाबदारी मालकावरच येते. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 याच्या कलम 20(6) मध्ये तर मॅजिस्ट्रेट मालकाला थेट सांगू शकतात की पगाराचा इतका भाग या बाईला द्या किंवा न्यायालयात जमा करा.

इथे एक अडचण मात्र मान्य केली पाहिजे. सोलापुरातला मोठा कामगारवर्ग आठवड्याच्या रोख पगारावर जगतो. ज्याच्या हातात पगाराची स्लिपच नाही, त्याचा पगार कागदावर पकडणं कठीण जातं. तिथे दुचाकी, बँकखातं, घर, शेत यांच्याकडेच वळावं लागतं. आणि "मला कामच नाही" हे कारण पुरेसं नाही. अंगात ताकद असलेल्या नवऱ्याने मजुरी करूनही बायकोमुलांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पुन्हा एकदा बजावलं. नोकरी सोडल्याने आदेश आपोआप रद्द होत नाही. रक्कम कमी करून हवी असेल तर त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो.

आयकराच्या परताव्याबद्दलही एक समज फिरतो, बहुधा अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेला. तिथे मुलांची पोटगी थकवली तर सरकार बापाचा आयकर परतावा परस्पर वळवतं, आणि थकबाकी 2,500 डॉलरच्या वर गेली तर पासपोर्टही नाकारतं. आपल्याकडे अशी आपोआप चालणारी व्यवस्था नाही. आयकर खातं परतावा अडवतं ते आयकराच्याच थकबाकीपोटी. पण परतावा बापाच्या खात्यात पडला की ते खातं जप्त करून घेता येतं, आणि त्यासाठी आईला अर्ज करावा लागतो.

बाकीचे समज थोडक्यात. पोटगीला 500 रुपयांची मर्यादा आहे : ती 2001 मध्येच काढून टाकली. पोटगी पगाराच्या 25 टक्केच मिळते : सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हा आकडा योग्य मानला, पण तो सरसकट नियम नाही. बाई विड्या वळून चार पैसे कमावते म्हणून मुलाचा हक्क गेला : मुलाचा हक्क बापावर आहे, आईच्या मजुरीने तो बुडत नाही. आई मुलाला भेटू देत नाही म्हणून पोटगी बंद : भेटीचा अर्ज वेगळा करायचा, पोटगी चालूच राहते. मुलगी अठराची झाली की संपलं : स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित हिंदू मुलीला हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, 1956 याचं कलम 20 लागू आहे. बाप राहतो त्याच गावी केस करावी लागते : आई राहते तिथेही करता येते.

वसुलीची दरखास्त टाकायची तर बापाचं कामाचं ठिकाण आणि खातं कळायचं कसं, हा आयांचा खरा प्रश्न. "राजनेश विरुद्ध नेहा" हे प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं. 2013 मध्ये आई तान्ह्या मुलासह घराबाहेर पडली आणि अंतरिम पोटगीचा वाद सर्वोच्च न्यायालयात संपेपर्यंत 2020 उजाडलं. 4 नोव्हेंबर 2020 च्या त्या निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं. त्यात नोकरी, मालक, बँकखाती, जमीन हे सगळं लिहावं लागतं. त्याची नक्कल मागून घ्यावी, दरखास्तीत तीच कामाला येते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दिवाणी हुकूमनाम्यासारखी जप्तीने वसूल करता यावी, हेही त्याच निकालात आहे.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फक्त तारखेवर लक्ष ठेवायचं. "एकशे पंचवीस"च्या वसुली वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. जूनची पोटगी थकली असेल तर तिचा अर्ज पुढच्या वर्षीची तीच देय तारीख उलटण्याआधी न्यायालयात दाखल झालेला हवा.