आजोबांचा तिकीट नंबर

परळच्या केईएममध्ये काही काळ उमेदवारी करून गेलेला एक डॉक्टर जून २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला. लिओ वराडकर. वडील मुंबईतले, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आई आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यातल्या डंगारवनची. डिसेंबर २०१९ मध्ये, पंतप्रधान असतानाच, ते वराडला येऊन गेले आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना चार दिवसांचा विषय मिळाला.

मला तेव्हा वेगळाच प्रश्न पडला. अशा माणसाला चार-पाच पिढ्या मागे जायचं असेल, तर आईकडून जाणं सोपं की बापाकडून? उत्तर आहे आईकडून, आणि ते जरा चमत्कारिक आहे. कारण आयर्लंडचं दप्तर जळून गेलेलं आहे. ३० जून १९२२ रोजी, तिथल्या यादवीत, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेलं. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे घरवार तक्ते जवळजवळ सगळे राख झाले. पुढच्या चार जनगणनांचे कागद तर सरकारने त्याआधी स्वतःच्याच हाताने नष्ट करून टाकले होते. हाताशी राहिले ते १९०१ आणि १९११ चे तक्ते, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्याने केलेल्या जमीन-घरांच्या आकारणीच्या याद्या, १८६४ पासूनच्या सरसकट जन्म-मृत्यू-विवाह नोंदी आणि चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या. एवढ्या भांडवलावर त्यांनी संसार उभा केला. जनगणनेचे ते दोन्ही तक्ते आज कुणीही घरबसल्या फुकट बघू शकतो. जळालेल्या कागदांच्या नकला ठिकठिकाणच्या संग्रहांतून गोळा करून, आगीला शंभर वर्षं झाली त्या २०२२ साली, त्यांनी संगणकावर दप्तरखाना पुन्हा उघडला.

१९११ साली जनगणना मुंबईतही झाली होती. तिच्याप्रमाणे शहरातल्या दर चार-पाच माणसांमागे एक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. (तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही आला, तो वेगळा झाला १९८१ मध्ये. मालवणचा पणजोबा शोधणाऱ्याने हे आधीच ध्यानात ठेवावं.) आपल्याला ही बेरीज मिळते, माणसं मिळत नाहीत. जनगणनेचे आकडे आपण जपतो, घराघरांचे कागद जपत नाही. आणि १९४८ च्या कायद्याने ते कुणाला दाखवायचेही नसतात. लालबागच्या एखाद्या खोलीत त्या वर्षी कोण कोण राहत होतं, हे सांगणारा सरकारी कागद आता नाही.

मग गिरणगावातल्या, म्हणजे लालबाग-परळच्या कापडगिरण्यांच्या वस्तीतल्या माणसाने आपला पणजोबा शोधायचा कुठे?

गिरगावातल्या काही घरांना हा प्रश्न पडत नाही. तिथे कपाटात जाडजूड कुलवृत्तांत असतो. गोत्र, कुलदैवत, मूळ पुरुष, शाखा, कोण बडोद्याला गेलं, कोण इंदूरला, सगळं छापलेलं. चित्पावनांच्या कितीतरी कुळांनी हे काम हौसेने आणि चिकाटीने केलंय. पण कुलवृत्तांत छापायला कुळाचं मंडळ लागतं, वर्गणी लागते आणि निवृत्त झालेला, हस्ताक्षर बरं असलेला एक काका लागतो. दुसऱ्या टोकाला जातपडताळणीवाले. त्यांना वंशावळ हौसेसाठी नको असते, शपथपत्राला जोडायला हवी असते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा गावोगावची कोतवाल बुकं, म्हणजे जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, बाहेर निघाली, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला.

या दोन टोकांच्या मध्ये लालबाग-परळ-काळाचौकी आहे. कागद तिथल्या माणसाबद्दलही आहेत. फक्त ते त्याच्यासाठी कुणी लिहिले नाहीत. ज्याला त्याच्याकडून काही हवं होतं, त्याने ते लिहिले.

सुरुवात बहुतेक जण महापालिकेपासून करतात आणि तिथेच अडतात. गिरगावचा बराचसा भाग डी विभागात, दादर पश्चिम जी उत्तरमध्ये, लालबाग-परळ एफ दक्षिणमध्ये. मृत्यूची नोंद त्यातल्या त्यात मिळते, निदान वर्ष माहीत असेल तर. जन्माचं कठीण. कारण बाळंतपणाला बाई माहेरी जायची, आणि माहेर असायचं देवगडला नाहीतर संगमेश्वरला. आयुष्यभर मुंबईत राहिलेल्या माणसाचा जन्म त्याच्या आईच्या गावच्या वहीत असतो, बापाच्या गावच्याही नाही. लग्नाची नोंद १९५३ च्या कायद्याआधीची शोधूच नये. पत्रिका कुणी जपली असेल तर देवाची कृपा.

शाळेची वही त्यापेक्षा जास्त बोलते. दाखल-खारजेचं जनरल रजिस्टर. नाव, बापाचं नाव, जात, जन्मगाव, आधीची शाळा, शाळा सोडल्याचं कारण. या वहीचं सगळ्यात प्रसिद्ध पान साताऱ्याचं आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. पुढे महाराष्ट्र सरकारने तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला. घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. हेच बाबासाहेब पुढे परळच्या पोयबावडीवर, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले. समजा, ते आंबेडकर झालेच नसते, एखाद्या गिरणीत लागलेले साधे कामगार असते, आणि त्यांचा पणतू आज मुंबईत सकपाळ शोधत फिरत असता. त्याला काही मिळालं नसतं. कोकणातल्या हजारो घरांचं हेच झालंय. गावात एक आडनाव, मुंबईच्या शाळेत मास्तरांनी गावावरून लावलेलं दुसरं, आणि गिरणीत कधी कधी नुसतं नाव आणि बापाचं नाव. तिन्ही कागद एकाच माणसाचे आहेत, हे घरातली म्हातारी सांगते. ती गेली की ते कागद एकमेकांना अनोळखी होतात.

आणि तारखेचं म्हणाल, तर १ जून. शाळा उघडायच्या सुमाराला आलेल्या पोरांना मास्तरांनी सरसकट ही जन्मतारीख देऊन टाकली. आयरिश लोकही आपल्या मागे नाहीत. १९०९ पासून तिथे सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन सुरू झाली, आणि १९०१ ते १९११ या दहा वर्षांत कितीतरी म्हातारे कागदावर दहापेक्षा बऱ्याच जास्त वर्षांनी वाढले.

गिरणीचा कागद याहून वेगळा. तिथे माणूस म्हणजे तिकीट नंबर. खातं कुठलं, पाळी कुठली, तिकीट किती. वडिलांचं नाव खात्याला नको होतं. हजेरी हवी होती. बदलीवाल्याची गोष्ट आणखी अवघड. रोज सकाळी दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर आत घेणार. १९३५ पासून बदलीची पद्धत नियमात आली आणि कार्डं मिळू लागली. त्याआधीचा बदलीवाला जॉबरच्या डोक्यात असायचा. जॉबर बहुधा आपल्याच गावाकडची माणसं भरायचा, म्हणून एकेका खात्यात एकेका तालुक्याची गर्दी. यामुळे एक गोष्ट मात्र सोपी होते. आजोबांचं खातं कळलं, तर त्यांच्या शेजारच्या साच्यावर कोण होतं ते विचारावं. तो गाववाला निघण्याची शक्यता बरीच.

म्हणून माझ्या मते गिरणगावातला सगळ्यात मोलाचा दस्तऐवज गावकीच्या खोलीत असतो. एकाच गावचे दहा-वीस-तीस पुरुष एका खोलीत, भिंतीला लागून ज्याची त्याची पत्र्याची ट्रंक, कोपऱ्यात गावच्या देवाची तसबीर, आणि एका ट्रंकेत ग्रामस्थ मंडळाच्या वह्या. वर्गणीची वही, देवळाच्या जीर्णोद्धाराची वही, भजनी मंडळाच्या सामानाचा हिशेब, कुणाच्या अंत्यविधीला किती खर्च आला त्याची टिपणं. वाडीवार नावं, बापाच्या नावासकट, वर्षामागून वर्ष. एखादं नाव एका वर्षी दिसतं आणि पुढच्या वर्षी त्याच्या जागी मुलाचं येतं. तेवढ्यावरून मृत्यूचं साल काढता येतं. कुठल्याही सरकारी दप्तरात इतकी सलग नोंद कष्टकऱ्याला मिळणार नाही. पण खजिनदार बदलतो, खोली विकली जाते, चाळ पुनर्विकासात जाते, आणि वह्या रद्दीत.

या वह्यांत बायका नाहीत. वंशावळीतलं हे सगळ्यात मोठं भगदाड. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवं नाव लिहिलं की जुनं नाव पुसलं, आडनावासकट. आजी ‘लक्ष्मी’ होती हे सगळ्यांना माहीत, पण ती माहेरी कोण होती हे विचारलं की घरात शांतता. गंमत अशी की इथे उपाध्याय मदतीला येतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे आडनाव आणि मूळ गावावरून लावलेल्या नामावळीच्या लांबट वह्या असतात. यजमान स्वतः येऊन गेल्याचं लिहून सही करतो. श्राद्धात आई, आजी, पणजी यांची नावं घ्यावीच लागतात, म्हणून ती वहीत उतरतात. दुसरीकडे, १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळू लागली. कर्जाच्या कागदावर त्यातल्या अनेकींचं स्वतःचं नाव बहुधा पहिल्यांदाच आलं असेल. अर्थात नाशिकच्या वह्याही सगळ्यांच्या नाहीत. ज्यांना देवळाच्या दारातच अडवलं, ज्यांना १९३० मध्ये काळारामासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यांची नामावळ तिथे कोण ठेवणार? त्यांना शाळेची वही, पलटणीचे कागद आणि गावचा नमुना १४ यांवरच भागवावं लागतं.

गावच्या तलाठी कार्यालयातले फेरफारही बघावेत. खातेदार मेला की वारस नोंद होते, आणि एका ओळीत मुलगे, मुली, विधवा सगळे येतात. घरात जमिनीवरून भांडण झालं असेल तर फारच उत्तम. भांडकुदळ घराण्यांचा इतिहास नेहमी जास्त पूर्ण असतो.

आणि काळाघोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार? १८२१ पासूनची परंपरा, मुंबई इलाख्याच्या कारभाराचा प्रचंड ठेवा. अभ्यासकाला स्वर्ग. पण आजोबांचं नाव सापडेल या आशेने कुणी तिथे पहिल्याच दिवशी जाऊ नये. तिथे इनामदार, वतनदार, सरकारी नोकर आणि सरकारला त्रास देणारे सापडतात. साचेखात्यातला माणूस संपात पकडला गेला असेल तरच. नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात कुलवृत्तांत आणि जुनी नियतकालिकं चाळणं अधिक फायद्याचं.

आता मुद्द्याचं. आयर्लंडच्या आगीत १८४१ आणि १८५१ चे तक्ते गेले, तरी त्यांचे काही उतारे वाचले. कसे? पेन्शन मागणाऱ्या म्हाताऱ्यांकडे वयाचा दाखला नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी जुने तक्ते धुंडाळून उतारे काढले होते. त्या अर्जांचे कागद राहिले, आणि आज कित्येक कुटुंबांचा माग त्यांच्यामुळेच लागतो.

आपल्याकडे असे अर्ज आहेत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, गिरण्या एकामागून एक बंद झाल्या आणि त्यांच्या कचेऱ्याही. पुढे घरांची योजना आली: बंद पडलेल्या ५८ गिरण्यांत १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेला कामगार, नाहीतर त्याचा वारस. म्हाडाकडे सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. २०२३ मध्ये पात्रतेसाठी कागद मागवले, तेव्हा यादीत होतं ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा आणि ईएसआयचा क्रमांक. लोकांनी ट्रंका उपसून हे शोधलं. वारसाच्या अर्जाला मृत्यूचा दाखला आला, वारसांची नावं आली, गावचा पत्ता आला. गिरणगावाचा एवढा मोठा कौटुंबिक दप्तरखाना दुसरा कुठे एकत्र झालेला मला माहीत नाही, आणि तो इतिहासासाठी कुणी जमवलेलाही नाही.

घरं मिळोत न मिळोत (ती मिळायलाच हवीत), पण या फायली निकाल लागल्यावर मोडीत काढू नयेत. त्या पुराभिलेखागाराच्या ताब्यात द्याव्यात, आणि ग्रामस्थ मंडळांनी आपल्या जुन्या वह्यांचे निदान फोटो काढून ठेवावेत. ज्यांच्या घरात अर्जाच्या झेरॉक्स पडून आहेत, त्यांनी त्या फेकू नयेत. त्यातल्या एकीच्या मागे आजोबांचं खातं आणि गावातलं आडनाव लिहा, आणि आजीचं माहेरचं नाव व गाव. सांगणारं कुणी घरात आहे तोवर लिहा.