आधी वाळवंट, मग बर्फ : ठाणे-डोंबिवलीकरांच्या अमेरिकी मोटारप्रवासाची आखणी

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील नोकरदार कुटुंबांना दूरच्या प्रवासासाठी सलग वेळ मिळतो तो बहुधा शाळांच्या उन्हाळी सुटीत. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत तीन-चार आठवडे मोटारीने हिंडण्याचा बेत आखताना पहिली अडचण याच सुटीतून निर्माण होते, कारण मे महिन्यात तेथील वाळवंटे तापू लागलेली असतात आणि उंच डोंगरांतील घाट मात्र अजून बर्फाखाली असतात. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातून सिएरा नेवाडा पर्वत ओलांडणारा टायोगा रस्ता सुमारे ३,०३० मीटर उंचीवरून जातो. तो साधारणतः नोव्हेंबरात बंद होतो आणि मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये, बर्फ किती पडला त्यावर अवलंबून, पुन्हा उघडतो. डेथ व्हॅलीची तऱ्हा नेमकी उलटी असून, १० जुलै १९१३ रोजी तेथे नोंदले गेलेले ५६.७ अंश सेल्सिअस तापमान आजही जागतिक उच्चांक मानले जाते. म्हणून मे-जूनच्या प्रवासात वाळवंट आधी आणि डोंगर शेवटी हा क्रम जवळजवळ सक्तीचा ठरतो, मग नकाशावर तो कितीही आडवळणाचा दिसो.

लॉस एंजेलिसला उतरून लास व्हेगास, तेथून झायन, ब्राइस कॅन्यन, पेज आणि ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा पाहून पुन्हा कॅलिफोर्नियाकडे वळणारा मार्ग या क्रमाला सोयीचा पडतो. लॉस एंजेलिस ते लास व्हेगास हे अंतर सुमारे ४३५ किलोमीटर, तेथून झायन सुमारे २६० आणि पेज ते ग्रँड कॅन्यन सुमारे २२० किलोमीटर आहे. मात्र परतीच्या वाटेवर योसेमिटीत पूर्वेकडून शिरण्याच्या भरवशावर मुक्काम आरक्षित करणे धोक्याचे आहे, कारण टायोगा रस्ता उघडला नसेल तर शेकडो किलोमीटरचा वळसा पदरी पडतो. पश्चिमेकडून शिरणाऱ्याला मात्र वितळत्या बर्फामुळे धबधबे भर जोरात दिसतात, आणि मेच्या सुटीचा हा एक निर्भेळ लाभ आहे. जुन्या मार्गदर्शिकांवर विसंबण्यातही अर्थ नाही. ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कड्यावरील ऐतिहासिक लॉज जुलै २०२५ मधील वणव्यात जळून गेले, पण छापील पुस्तकांत ते अजून उभे आहे.

अंतराचा अंदाज हा दुसरा अवघड भाग. घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शीळ मार्गावर गाडी चालवणारा माणूस किलोमीटर मोजत नाही, तास मोजतो. अमेरिकेच्या मोकळ्या महामार्गावर किलोमीटर आणि तास यांचे गणित सहसा जुळते, आणि नेमक्या या सुखामुळेच दिवसाला सात-आठशे किलोमीटर कापण्याचा मोह होतो. मोठ्या शहरांबाहेरील ॲरिझोनात आंतरराज्य महामार्गांवर बहुतेक ठिकाणी ताशी ७५ मैलांची मर्यादा आहे, म्हणजे सुमारे १२० किलोमीटर. समृद्धी महामार्गावर मोटारींना तेवढीच मर्यादा आहे. ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्याने ७०१ किलोमीटरचा तो रस्ता आता पूर्ण झाला असून, सरळ रस्त्यावर डोळे उघडे असतानाही चालकाला येणारी गुंगी, म्हणजेच महामार्ग संमोहन, म्हणजे काय हे निघण्यापूर्वी त्यावरच ताडून पाहता येते. यूटा राज्यात आय-७० महामार्गावर ग्रीन रिव्हर आणि सलायना या गावांदरम्यान सुमारे १७५ किलोमीटर पंप, हॉटेल, दुकान यांपैकी काहीही नाही. कुटुंबासह जाताना दिवसाला तीनशे-चारशे किलोमीटर आणि दर चार-पाच दिवसांनी एका ठिकाणी दोन रात्री, हे प्रमाण पुरेसे आहे. त्यात घड्याळाचा घोळही धरावा लागतो : ॲरिझोना राज्य उन्हाळी वेळ पाळत नाही, त्याच राज्यातील नवाहो आदिवासींचा स्वायत्त प्रदेश मात्र पाळतो, त्यामुळे पेजहून मॉन्युमेंट व्हॅलीकडे जाताना घड्याळ एक तास पुढे सरकते.

कागदपत्रांत पर्यटक व्हिसाला सर्वांत आधी हात घालावा, कारण वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखतीची तारीख मिळण्यास महिनोन्‌महिने लागू शकतात. भारतीयांना हा व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो, पण प्रत्येक वेळी किती दिवस राहता येईल हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो आणि त्याची नोंद आय-९४ या अभिलेखात होते. मुदत पाहायची ती तेथे, व्हिसाच्या शिक्क्यावर नव्हे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना ठाण्याच्या (एमएच-०४) किंवा कल्याणच्या (एमएच-०५) आरटीओकडून मिळतो, एक वर्ष चालतो आणि मूळ परवान्यासोबतच ग्राह्य धरला जातो. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्या चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागतात, पंचविशीच्या आतील चालकाला जादा आकारतात आणि गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडल्यास बहुधा वेगळे शुल्क लावतात. भारतातील मोटार विमा तेथे लागू होत नाही. त्यामुळे भाड्याच्या गाडीचे नुकसान आणि त्रयस्थाचे नुकसान या दोन्हींचे संरक्षण करारात आहे की नाही हे आरक्षणाच्या वेळीच पाहावे लागते. वैद्यकीय विम्यात काटकसर करणे हा तर निव्वळ जुगार आहे.

राष्ट्रीय उद्यानांच्या खर्चाचे गणित १ जानेवारी २०२६ पासून पार बदलले. पूर्वी ८० डॉलरच्या वार्षिक पासात देशी-परदेशी असा भेद नव्हता. आता परदेशी पर्यटकांसाठी तोच पास २५० डॉलरचा झाला आहे आणि पास नसेल तर ग्रँड कॅन्यन, योसेमिटी, झायन, ब्राइस, यलोस्टोन यांसह अकरा उद्यानांत सोळा वर्षे व त्यावरील प्रत्येक परदेशी व्यक्तीला नेहमीच्या प्रवेशशुल्काखेरीज १०० डॉलर द्यावे लागतात. चार प्रौढांच्या कुटुंबाला एकाच उद्यानात पासाहून अधिक खर्च येतो, हे गणित तोंडीही सुटते. उद्यानांतील निवासांचे आरक्षण सुमारे वर्षभर आधी खुले होते, तेव्हा दिवाळीत बेत ठरवणाऱ्यांनी जवळच्या गावांतील मोटेल धरलेले बरे.

वाहन उजव्या बाजूने चालवण्याची सवय दोन दिवसांत होते, नियमांची होत नाही. लाल दिव्यावर पूर्ण थांबून, मनाई नसल्यास, उजवीकडे वळता येते, पण न्यूयॉर्क शहरात बहुतेक ठिकाणी येत नाही. ‘स्टॉप’ची पाटी असलेल्या चौकात रस्ता रिकामा असला तरी चाके पूर्ण थांबवावी लागतात. पंपावरील यंत्र कार्डधारकाचा अमेरिकी पिनकोड मागते आणि परदेशी कार्ड नाकारते, तेव्हा दुकानात आगाऊ पैसे भरून पेट्रोल घ्यावे. मेतकूट, भाजणी आणि चिवडा बरोबर नेता येतो, मात्र सीमाशुल्क अर्जात खाद्यपदार्थ नमूद करणे बंधनकारक आहे. घरचा २३० व्होल्टचा विजेचा कुकर मात्र नेऊ नये. तेथील १२० व्होल्टवर त्याची शक्ती जेमतेम चतुर्थांश उरते आणि भात शिजता शिजत नाही.

असे प्रवास बहुतेकदा न्यू जर्सीतील नातेवाइकांकडे संपतात. पूर्व किनाऱ्याचा हा टप्पा विमानाने गाठून पुढे रेल्वेने हिंडणे अधिक शहाणपणाचे आहे, आणि कल्याणकरांना तेथे एक हक्काचे ठिकाणही आहे. कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाल्यावर त्यांची रक्षा अमेरिकेतील स्नेही थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आली आणि पकीप्सी येथील दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत, ठेवण्यात आली. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाहून हडसन नदीच्या काठाने थेट पकीप्सीपर्यंत लोकल धावते. नातेवाइकांच्या गाडीने जाणाऱ्यांना आणखी एक बदल जाणवेल : न्यू जर्सी राज्यात पेट्रोल स्वतः भरण्यास कायद्याने मनाई असल्याने तीन आठवडे स्वतःच्या हाताने नळी धरलेल्या पाहुण्यांना तेथे पंपावर गाडीतच बसून राहावे लागते.