मेट्रोचा खर्च आणि वस्तीचे स्वास्थ्य

पुण्याच्या मेट्रोचे भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. पण ती जमिनीवरून न्यावी की जमिनीखालून, हा वाद त्याच्या कितीतरी आधी, दिल्ली मेट्रो रेल्वे महामंडळाने या शहरासाठी सविस्तर प्रकल्प अहवाल तयार केला तेव्हापासून, सभागृहांत, वृत्तपत्रांत आणि घरोघर चालू होता, आणि तो मिटविण्यासाठी तत्कालीन पालकमंत्री गिरीश बापट यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमावी लागली होती. गाड्या धावू लागल्या तरी तो वाद शमलेला नाही. भुयारी मार्ग म्हणजे सार्वजनिक पैशाची उधळपट्टी, असे एक पक्ष म्हणतो. उन्नत मार्ग म्हणजे रस्त्याचा व शेजाराचा विध्वंस, असे दुसरा म्हणतो. दोन्ही पक्षांची शहराविषयीची कळकळ खरी आहे, यात मला शंका नाही. परंतु दोहोंच्या मुळाशी काही समजुती अशा घट्ट बसल्या आहेत की, नव्या मार्गांच्या मंजुऱ्या एकामागून एक येत असताना त्या आकड्यांच्या व अनुभवाच्या कसोटीस लावून पाहणे अगत्याचे झाले आहे.

पहिली समजूत अशी की, भुयारी मार्ग उन्नत मार्गाच्या तिप्पट-चौपट महाग पडतो. पुण्यापुरते बोलायचे तर मंजुरीचे आकडे वेगळे सांगतात. स्वारगेट ते कात्रज या ५.४६ किलोमीटरच्या संपूर्ण भुयारी विस्तारास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये २,९५४.५३ कोटी रुपयांची मंजुरी दिली. वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या १२.७५ किलोमीटरच्या उन्नत विस्तारास जून २०२५ मध्ये ३,६२६.२४ कोटींची. भागाकार केला तर भुयारी मार्गास किलोमीटरमागे सुमारे ५४१ कोटी आणि उन्नत मार्गास सुमारे २८४ कोटी पडतात, म्हणजे पहिल्याचा भार दुसऱ्याच्या दुपटीहून थोडा कमीच. फरक मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही; पण तो लोक समजतात तेवढा नाही, आणि मुख्य म्हणजे तो लोक समजतात त्या ठिकाणीही नाही.

कारण भुयारी रेल्वेचा पैसा जातो तो बोगद्यापेक्षा स्थानकांत. शिवाजीनगर ते स्वारगेट या टापूत मुळा, मुठा आणि पवना अशी नावे दिलेल्या यंत्रांनी दख्खनच्या कठीण काळ्या खडकातून जे जुळे बोगदे पोखरले, ते वाड्यांच्या, बाजारांच्या आणि खुद्द मुठा नदीच्या पात्राखालून गेले, आणि वर नांदणाऱ्या बहुसंख्य पुणेकरांना त्याची जाणीवही झाली नाही. स्थानकाची गोष्ट निराळी. तेथे वरूनच भूमी उघडावी लागते. जिल्हा न्यायालयाचे स्थानक तर सुमारे ३३ मीटर खोल आहे, आणि एवढ्या खोल खड्ड्याच्या भिंती धरून ठेवणे, त्यात हवा खेळविणे, पाणी उपसणे, आगीपासून बचावाची तजवीज करणे आणि सरकते जिने चालू ठेवणे या प्रत्येक बाबीचा खर्च बांधकामावेळी एकदाच होऊन संपत नाही, तो पुढे कायमचा चालू राहतो. कात्रज विस्तारात मूळ मंजुरीत तीनच स्थानके होती. बालाजीनगर व बिबवेवाडी या दोन स्थानकांची भर घालावयाची आणि कात्रजचे स्थानक थोडे दक्षिणेस सरकवायचे ठरले तेव्हा राज्य मंत्रिमंडळाला २०२५ मध्ये सुमारे ६८३ कोटी रुपये अधिक मंजूर करावे लागले. ही स्थानके हवीतच, कारण ज्यांच्या पायाखालून गाडी जाते त्यांनाच ती मिळू नये हे अन्यायाचे होईल. पण भुयारी मार्गाचा किलोमीटरमागचा दर स्वस्त दिसला की, स्थानके किती आहेत हा प्रश्न आधी विचारावा, एवढे यातून निष्पन्न होते.

मूळ प्रकल्पाच्या ११,४२० कोटी रुपयांना त्याच्या सव्वाएकतीस किलोमीटर लांबीने भागून जो सरासरी आकडा चर्चेत फिरविला जातो, तो म्हणूनच फारसा उपयोगाचा नाही. त्यात कर्वे रस्ता आहे, नदीकाठ आहे, मुंबई-पुणे महामार्गाचा प्रशस्त पट्टा आहे आणि सुमारे सहा किलोमीटरचे भुयारही आहे. पेठांतून मार्ग वर नेता आला असता का, याचे उत्तर मंडईच्या चौकात उभे राहून कोणालाही मिळेल. उन्नत स्थानकाची रुंदी तेथील रस्त्यांच्या रुंदीत मावणारी नाही. ते बसवावयाचे तर दोन्ही अंगांच्या घरांच्या रांगा पाडाव्या लागल्या असत्या. तेथे भुयार हा विलास नव्हता, तो एकमेव मार्ग होता. मात्र भुयार म्हणजे विस्थापन नाही, ही समजूतही तितकीच चुकीची आहे. कसबा पेठेत स्थानकासाठी रहिवाशांना घरे सोडावी लागली. न्यायालयाजवळच्या कामगार पुतळा वसाहतीतील कुटुंबांचे पुनर्वसन हडपसर, विमाननगर अशा दूरच्या भागांत झाले. पक्के घर मिळणे ही मोठी गोष्ट आहे. परंतु ज्या घरची बाई शिवाजीनगरच्या चार घरी धुणीभांडी करून संसार चालवीत होती, तिच्या रोजच्या प्रवासाचा वेळ आणि भाडे प्रकल्पाच्या कोणत्याही रकान्यात मांडलेले नसते.

आणि येथेच मला सर्वांत घातक वाटणारा गैरसमज येतो : जो खर्च बांधणाऱ्या संस्थेच्या जमाखर्चात नाही, तो खर्च नाहीच, असा. गणेशखिंड रस्त्यावरील विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल माणहून हिंजवडीमार्गे येणाऱ्या तिसऱ्या मार्गिकेसाठी २०२० मध्ये पाडण्यात आला. तो पुलाच्या आयुष्याच्या मानाने कालचाच होता. तो बांधण्याचा खर्च, पाडण्याचा खर्च आणि त्यानंतर त्या चौकात वर्षानुवर्षे खोळंबलेल्या माणसांचा वेळ, हे सारे उन्नत मार्गाच्या किलोमीटरमागच्या स्वस्ताईत कोठेही उतरत नाही. कर्वे रस्त्यावर लोखंडी पत्र्यांच्या आड गेलेल्या दुकानांचे बुडालेले गिऱ्हाईक, तोडलेल्या झाडांची सावली आणि खिडकीच्या उंचीवर आलेली गाडी, यांचेही तसेच. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची कायदेशीर मर्यादा आहे. रहदारीच्या रस्त्यावर ती मेट्रोआधीही पाळली जात नव्हती, म्हणून नव्या आवाजाची भर क्षम्य ठरत नाही, आणि वळणांवर ध्वनिरोधक भिंती घालण्याचा खर्च प्रारंभीच अंदाजपत्रकात धरणे हे उपकाराचे नव्हे, कर्तव्याचे काम आहे.

लकडी पुलावरून जाणाऱ्या मार्गाच्या उंचीवरून २०२१ मध्ये गणेश मंडळांनी आक्षेप घेतला, तेव्हा काम काही काळ थांबले. पुष्कळांनी त्यास हट्ट म्हटले. मला तसे वाटत नाही. विसर्जनाचे रथ त्या पुलावरून जातात हे नकाशा आखणाऱ्यांना ठाऊक असावयास हवे होते. रस्त्याचा उपयोग केवळ वाहने मोजून कळत नाही, आणि लोकांना खांब उभे राहिल्यावर विचारण्यापेक्षा ते कागदावर असताना विचारणे सर्वार्थाने स्वस्त पडते. तसाच विलंबही फुकटचा नसतो. मुंबईच्या कुलाबा ते सीप्झ या भुयारी मार्गाचा मूळ अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता. तो पूर्ण होईतो ३७,२७६ कोटींवर गेला, आणि त्या वाढीत आरेतील कारशेडवरून गेलेल्या वर्षांचाही वाटा आहे.

नदीकाठची जमीन फुकट असते, ही आणखी एक सोयीची समजूत. जंगली महाराज रस्त्याऐवजी मार्गाचा काही भाग मुठेच्या पात्रालगत नेण्यात आला. त्याविरुद्ध २०१६ मध्ये पुण्यातील नागरिक राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले, आणि शेवटी मार्ग अटींसह मोकळा झाला. भूसंपादन टळले हे खरे. परंतु स्थानक दुकाने, कचेऱ्या व महाविद्यालये यांच्या दारातून उचलून नदीकडे गेले म्हणजे प्रवाशाची पायपीट वाढते. चेन्नईने हाच प्रयोग १९९५ पासून बकिंगहॅम कालव्यालगत केला आणि तेथील अवाढव्य स्थानके दीर्घकाळ ओस राहिली. पुण्यात डेक्कनचे स्थानक पैलतीरावरील पेठांशी जोडण्यासाठी स्वतंत्र पादचारी पूल उभारावा लागला, आणि त्याच्या कामासाठी २०२५ मध्ये बाबा भिडे पूल वाहतुकीस बंद ठेवावा लागला. फुकट जमिनीची किंमत ही अशी हप्त्याहप्त्याने वसूल होते.

पैसा केंद्राचा आणि परदेशी कर्जाचा, आपल्याला तोशीस नाही, असेही सर्रास बोलले जाते. युरोपीय गुंतवणूक बँकेने ६० कोटी युरोंचे आणि फ्रेंच विकास संस्थेने २४.५ कोटी युरोंचे कर्ज दिले; कर्ज फेडावे लागते. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून पुण्यात घराच्या दस्तावर मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का मेट्रो उपकर द्यावा लागतो, आणि तो मेट्रोत कधीही न बसणाऱ्यालाही चुकत नाही. स्थानकापासून ५०० मीटरांच्या परिघात चारपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक देण्याचे धोरण आहे. त्यातून मिळणारे अधिमूल्य त्याच वस्तीच्या नळ, गटारे आणि पदपथांवर खर्ची पडेल अशी बांधीव तरतूद नसेल, तर जागामालकाचा लाभ व भाडेकरूची अडचण एकाच वेळी वाढतील.

आता खडकवासला–स्वारगेट–हडपसर–खराडी आणि नळस्टॉप–वारजे–माणिकबाग या सुमारे ३१.६ किलोमीटरच्या, २८ उन्नत स्थानकांच्या मार्गांस ९,८५७.८५ कोटी रुपये मंजूर झाले आहेत. त्यांतल्या सिंहगड रस्त्यावर उड्डाणपूल नुकताच झालेला आहे; विद्यापीठ चौकाचा धडा तेथे विसरता कामा नये. २०२५ च्या अनंत चतुर्दशीस एका दिवसात पाच लाखांहून अधिक माणसे मेट्रोने आली-गेली. गाडी हवी की नको हा प्रश्न त्या दिवशीच निकालात निघाला. उरतो तो जिन्याच्या तळाचा प्रश्न. जिना पदपथावर उतरला की पदपथ किती उरतो, बस कोठे थांबते, रिक्षा कोठे उभी राहते, काठी टेकीत येणारी वृद्ध स्त्री रस्ता कोठून ओलांडते, या बाबींचे नकाशे आणि त्यांसाठी लागणारी रक्कम प्रत्येक स्थानकागणिक आजच जाहीर व्हावी, आणि खांबाच्या पहिल्या पायाआधी त्या त्या प्रभागात त्यांवर सुनावणी घेतली जावी. मेट्रो बांधणारी महामेट्रो, महापालिका आणि बससेवा चालविणारी पीएमपीएमएल यांनी एकत्र बसून करावयाचे हे काम आहे, आणि ९,८५७ कोटींच्या तुलनेत त्याचा खर्च फार थोडा आहे.