मधात पाणी घातलं की

मध वर्षानुवर्षं टिकतो, कारण त्यात पाणी जेमतेम 18 टक्के असतं. इतक्या दाट साखरेत यीस्टला वाढताच येत नाही. इथियोपियात घरोघरी याच मधात तिप्पट-चौपट पाणी घालून ‘तेज’ नावाचं मद्य करतात. पाणी मिळताच यीस्ट कामाला लागतं. रसायनशास्त्राच्या हिशेबानं 180 ग्रॅम ग्लुकोजमधून 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड! साखरेचं निम्मं वजन चक्क हवेत जातं, म्हणून भांड्याचं तोंड घट्ट बंद करायचं नसतं. बिअरला हॉप्समुळे येणारा कडवटपणा इथे गेशो या झुडपाची पानं-काड्या देतात. मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की यीस्ट विकत आणावंच लागत नाही. मधात, पानांवर, जुन्या भांड्यांत ते आधीपासूनच असतं.