छत्तीसगडमध्ये बाळंतपण रुग्णालयात पोहोचले. आता प्रश्न सोबतीच्या हाताचा

रायपूर : छत्तीसगडमध्ये २००५-०६ साली शंभरातील जेमतेम १४ बाळंतपणे आरोग्य संस्थांत होत असत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण ८५.७ टक्क्यांवर पोहोचले. अवघ्या पंधरा वर्षांतील हे स्थित्यंतर लक्षणीय आहे. तरीही नमुना नोंदणी पद्धतीच्या आकडेवारीनुसार, २०१८-२० या काळात राज्यात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३७ मातांचा मृत्यू झाला. त्याच काळात देशाचे प्रमाण ९७, तर शेजारच्या महाराष्ट्राचे ३३ होते. रुग्णालयाचे दार गाठले म्हणजे माता सुखरूप घरी परतेलच असे नाही, हे या आकड्यांतून स्पष्ट होते. म्हणूनच प्रसूतीच्या आधी, प्रसूतीच्या वेळी आणि त्यानंतर स्त्रीच्या सोबत कोण असते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

सुईण आणि मितानीन

मराठीतील ‘सुईण’ छत्तीसगडी बोलीत ‘सुइन दाई’ या नावाने ओळखली जाते. नाळ कापणे, बाळ-बाळंतिणीचे मालिश, शेक-शेगडी ही कामे तिने पिढ्यानपिढ्या केली. अनुभव आणि घराघरांतील विश्वास हे तिचे बळ होते. मात्र अतिरक्तस्राव, झटके किंवा जंतुसंसर्ग झाल्यास तिच्याजवळ उपाय नसे. जागतिक आरोग्य संघटनेसह आंतरराष्ट्रीय संस्थांनी २००४ मध्ये ‘कुशल प्रसूती साहाय्यक’ या संज्ञेची व्याख्या केली, तेव्हा पारंपरिक सुईण तिच्या बाहेर राहिली.

१ नोव्हेंबर २००० रोजी स्थापन झालेल्या छत्तीसगड राज्याने २००२ मध्ये ‘मितानीन’ कार्यक्रम सुरू केला. छत्तीसगडच्या लोकजीवनात ‘मितान’ म्हणजे विधिपूर्वक जोडलेला जिवाभावाचा मित्र. हे नाते रक्ताच्या नात्याइतकेच मानले जाते. तेच नाव या आरोग्य कार्यकर्तीला देण्यात आले. गावाला एक नव्हे, तर प्रत्येक पाड्याला एक मितानीन, आणि तिची निवड त्या वस्तीतूनच, हे या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य होय. २००५ मध्ये देशभर ‘आशा’ कार्यकर्तीची योजना आखताना या अनुभवाचा आधार घेण्यात आला.

मितानीन प्रसूती करीत नाही. ती गर्भवतीची नोंद करते, तपासणीची आठवण देते, धोक्याची लक्षणे ओळखण्यास शिकवते आणि कळा सुरू झाल्यावर रुग्णालयापर्यंत सोबत जाते. नवजात बाळाला लगेच स्तनपान मिळावे आणि बाळंतिणीला पोटभर आहार मिळावा, यासाठी ती घरातील वडीलधाऱ्यांची समजूत घालते.

तीन विलंब

मातामृत्यूच्या अभ्यासात ‘तीन विलंब’ ही संकल्पना १९९४ पासून रूढ आहे. पहिला विलंब उपचार घेण्याचा निर्णय होण्यात, दुसरा रुग्णालयात पोहोचण्यात आणि तिसरा तेथे योग्य उपचार मिळण्यात होतो. छत्तीसगडमध्ये १५ ते ४९ वयोगटातील ६०.८ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त असल्याचे २०१९-२१ च्या सर्वेक्षणात आढळले. अंगात मुळातच रक्त कमी असलेल्या स्त्रीला प्रसूतीनंतरचा रक्तस्राव फार वेळ देत नाही. तिच्यासाठी प्रत्येक विलंब जीवघेणा ठरू शकतो.

पहिला विलंब कमी करण्याचे काम प्रामुख्याने मितानीन करते. दुसऱ्यासाठी ‘१०२ महतारी एक्सप्रेस’ ही वाहनसेवा आहे. छत्तीसगडीत ‘महतारी’ म्हणजे आई. २००५ ची जननी सुरक्षा योजना आणि २०११ चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम यांमुळे खर्चाचा अडसरही कमी झाला. तिसरा विलंब मात्र रुग्णालयातील मनुष्यबळावर अवलंबून असतो.

निसटलेला दुवा

भारतात ‘सहायक परिचारिका प्रसाविका’ हे पद जुने आहे. तथापि १९७३ च्या कर्तारसिंह समितीच्या शिफारशींनंतर तिच्याकडे लसीकरण, कुटुंबनियोजन अशी बहुविध कामे आली आणि प्रसूतीचे काम मागे पडले. ही पोकळी भरण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसाविका सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार अनुभवी परिचारिकांना १८ महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देऊन, प्रसाविकांच्या नेतृत्वाखालील प्रसूती कक्ष उभारणे अपेक्षित आहे. गुंतागुंत नसलेली प्रसूती तिने स्वतंत्रपणे करावी आणि धोका दिसताच डॉक्टरांना बोलवावे, अशी ही व्यवस्था आहे.

अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठीही ही व्यवस्था उपयुक्त मानली जाते. देशात सरकारी रुग्णालयांतील १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने होतात, असे याच सर्वेक्षणात नमूद आहे.

गडचिरोलीचा धडा

वस्तीतील स्त्रीवर विश्वास टाकल्यास काय साधते, हे छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोलीने दाखवून दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळाच्या घरगुती काळजीचे प्रशिक्षण दिले. त्या गावांतील नवजात मृत्यूचे प्रमाण इतर गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ पासून ही पद्धत ‘आशां’मार्फत देशभर राबवली जाते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्याही घरी ४२ दिवसांत सहा भेटी दिल्या जातात.

अमेरिकेतील प्रतिध्वनी

हाच प्रश्न अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजापुढेही आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय सुईणी असंख्य बाळंतपणे करीत. पुढे परवान्यांचे कडक नियम आणि रुग्णालयांचा विस्तार यांमुळे त्यांची परंपरा जवळजवळ संपुष्टात आली. एवढ्या प्रगत देशात २०२३ मध्ये दर एक लाख जन्मांमागे मातामृत्यूचे प्रमाण श्वेतवर्णीय स्त्रियांत १४.५, तर कृष्णवर्णीय स्त्रियांत ५०.३ होते. आपले दुखणे ऐकूनच घेतले जात नाही, ही तेथील अनेक मातांची तक्रार आहे. त्यामुळे कृष्णवर्णीय प्रसाविका पुन्हा संघटित होत असून, २०१८ पासून ११ ते १७ एप्रिल हा कृष्णवर्णीय माता आरोग्य सप्ताह पाळला जातो. योगायोग असा, की कस्तुरबा गांधी यांचा जन्मदिन म्हणून भारतात ११ एप्रिललाच राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन असतो.

पुढील वाट

बस्तरच्या पाड्यातून आलेल्या स्त्रीला प्रसूती कक्षात आपली बोली समजणारे कोणी नसेल, तर त्रास कोठे होतो हे सांगणेही तिला अवघड जाते. वेळेवर रक्त आणि तज्ज्ञ डॉक्टर उपलब्ध होणे अत्यावश्यक आहेच. त्याबरोबर आदिवासी तरुणींना प्रसाविका होण्याची संधी मिळणे आणि मितानीनला रुग्णालयात मानाचे स्थान मिळणेही तितकेच गरजेचे आहे. सुईणीकडे विश्वास होता, रुग्णालयाकडे विज्ञान आहे. दोन्ही एकाच खाटेशी आली, तर १३७ हा आकडा खाली येण्याची वाट सुकर होईल.